विहिरीला हात नसतात

कवटीकाका माणसाला पहिल्यांदा भेटले की नमस्काराच्या आधी त्याला वळसा घालून मागे जात आणि डोक्याचा मागचा भाग नीट पाहत. “चेहऱ्याला खोटं बोलता येतं,” असं त्यांचं म्हणणं. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत ते उत्खननातली हाडं वाचत आणि मी त्याच हाडांचे स्कॅन काढून मोजमापं घेई. हे नाव त्यांना इथल्या मराठी पोरांनी दिलं होतं. नावामागची डॉक्टरेट त्यांनी दारावरच्या पाटीवरही लिहिली नव्हती. इथल्या आमच्या मराठी मंडळात हे संशयास्पद मानलं जातं.

त्यांना जेवायला बोलावणं धोक्याचं होतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात एका घरी यजमानांनी स्वतःच्या बढतीवर अर्धा तास घेतला, तेव्हा काका लाटणं घेऊन उठले आणि त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. “साहेब, जरा गुडघ्यांवर बसा. हात मागे. आता मी दिसतो का?”

“नाही.”

“मग मी कुठे मारणार?”

यजमानीण बाई भाकऱ्या वाढता वाढता म्हणाल्या, “काका, दाखवायचंच तर जरा नीट दाखवा.” सगळे हसले. काकांनी लाटणं यजमानांच्या डोक्याला हलकेच टेकवलं आणि सांगितलं, “इथे. पहिल्या घावात माणूस मरत नाही, आवाज करतो. तो आवाज थांबवायला दुसरा मारतात.” मग जेवण जरा शांततेत झालं.

‘पडून मेला’ हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीची जयंतीची मिरवणूक पहिल्यांदाच गावातल्या मोठ्या रस्त्यानं गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचा चुलता विहिरीत सापडला. पाय घसरून पडला, असा पंचनामा झाला. काकांच्या आईनं प्रेताला अंघोळ घातली, तेव्हा तिच्या बोटांना डोक्यामागे दोन खड्डे लागले. “विहिरीला हात नसतात,” एवढंच ती म्हणाली. काका हे हवामान सांगावं तसं सांगत.

आणि मग आमच्याकडे एक विहीरच आली. एका ग्रीक बेटावरच्या पुराणवस्तू संग्रहालयानं सात सांगाडे पाठवले. कोरड्या विहिरीत सापडलेले, हजारो वर्षांपूर्वीचे. एका जहाजमालकाच्या देणगीतून तिथे नवं दालन बांधलं जात होतं, आणि या सातांना तिथे ‘नगराचे रक्षक’ म्हणून मांडायचं ठरलं होतं. ब्राँझची पाटी आधी ओतली गेली होती, हाडं नंतर तपासायला आली. अशा कामांचा क्रम सगळीकडे सारखाच असतो.

काकांनी तीन आठवडे घेतले. सातही कवट्या मागून फुटलेल्या, बहुतेकींवर दोन-तीन चौकोनी भोकं. सर्वांत लहान कवटी चौदाएक वर्षांच्या मुलीची, तिच्यावर पाच. “वार येताना दिसला की माणूस हात आडवा घालतो आणि हात मोडतो,” काका म्हणाले. “इथे एकाचाही हात मोडलेला नाही, इंजिनियर. हात मोकळेच नव्हते.”

चौकोनाचं माप माझं होतं. संग्रहालयाच्याच शेजारच्या दालनात त्या नगरातल्या पाथरवटांची हत्यारं ‘स्थानिक कारागिरी’ म्हणून ठेवली होती. त्यातल्या हातोड्याचा स्कॅन मागवून मी प्लॅस्टिकची प्रत छापली. काकांनी ती मुलीच्या कवटीतल्या भोकात बसवली. ती जराही हलेना.

“शत्रू समुद्र ओलांडून पाथरवटाचा हातोडा आणत नाही,” ते म्हणाले. “यांना गावानं मारलंय.”

संग्रहालयाच्या संचालकांचं सौजन्यपूर्ण पत्र आलं : ‘लढाईतील जखमांशी सुसंगत’ एवढं वाक्य पुरेसं होईल. काकांनी नकार दिला. आमच्या प्रयोगशाळेलाही त्याच जहाजमालकाची देणगी मिळे; काकांच्या नोकरीची मुदत तिच्यावर वाढायची होती आणि देशात राहायचा परवाना त्या नोकरीवर अवलंबून होता. मुदत वाढली नाही. मग तसंच पत्र मला आलं. माझ्या तक्त्यातला हातोड्याचा रकाना तेवढा गाळायचा होता. माझाही परवाना नोकरीवरच होता. लेक नुकतीच युट्रेख्टच्या शाळेत रुळली होती.

काका निघाले तेव्हा स्टेशनवर मी त्यांची बॅग धरून उभा होतो.

“सही केलीत, इंजिनियर?”

“केली.”

“रकाना?”

“काढला.”

गाडी फलाटाला लागली. त्यांनी माझ्या हातातून बॅग घेतली. “पंचनामा लिहिणारा हवालदारही भला माणूस होता,” ते म्हणाले. “आम्हा पोरांना लिमलेटच्या गोळ्या द्यायचा.”

आता ते नागपूरला शवविच्छेदन करणाऱ्या तरुण डॉक्टरांना शिकवतात. माझा पूर्ण तक्ता, हातोड्यासकट, मी त्यांना पाठवला. पोचल्याचं एका शब्दात उत्तर आलं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्या बेटावर गेलो. दालन भव्य आहे. दिवे वरून असे सोडलेत की कवट्यांची फक्त समोरची बाजू दिसते. सर्वांत लहान कवटीखाली लिहिलंय : ‘वीरकन्या, वय सुमारे चौदा’. भिंतीवर ब्राँझमध्ये जहाजमालकाचं नाव, आणि खाली नंतर जोडलेल्या पट्टीवर बारीक अक्षरांत, अहवाल सादर करणारा म्हणून, माझं.

“बाबा, दॅट्स यू!” लेक ओरडली. तिनं मला हाताला धरून पाटीशेजारी उभं केलं आणि फोन वर धरला.

“स्माइल, बाबा.”