बावीस लेंड्यांवरचा समुद्र

पुण्याकडच्या चांद्याच्या माळावर म्हसू धनगराचा वाडा पडलेला असायचा. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. तीन पालं, जाळीच्या वाघरीत कोंडलेली दीडेकशे मेंढरं आणि खुंटीला बांधलेलं एक तट्टू. मी तेव्हा, म्हणजे एकोणीसशे तेवीस साली, गावच्या शाळेत मास्तर होतो. मूळचा रेवदंड्याचा. समुद्राच्या आवाजात वाढलेल्या माणसाला या कोरड्या माळावर आणून टाकलं म्हणून माझा वरिष्ठांवर राग होता, आणि तो मी वर्गातल्या नकाशावर काढत असे. पाठ कुठलाही असो, छडी फिरून फिरून कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर यायची.

त्या नकाशाची कीर्ती माळावर पोचली असावी. एका संध्याकाळी म्हसू शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा उंच गडी, खांद्यावर घोंगडी, आणि मागे त्याची बायको अंबाबाई.

"मास्तर, तुमी दर्याकडचं हाय म्हनं," तो म्हणाला. "हिला दर्या दावायचा हाय. वाट सांगा."

अंबाबाईच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं. तो डोळा गेलेलाच. डाव्याच्या कडेलाही पांढुरकं दिसू लागलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणखी दोन-तीन वर्षं दिसेल, पुढचं देवाच्या हाती. हे ऐकून तिनं नवऱ्याकडे जन्मातलं पहिलं मागणं मागितलं. मेंढरांमागं ती दरसाल ताम्हिणीच्या माथ्यापर्यंत जायची आणि तिथून परत फिरायची. स्वच्छ दिवशी तिथून खाली कोकण दिसतं, आणि पार टोकाला चकाकणारी एक रेघ. ती रेघ तिला जवळून बघायची होती.

मला काय, आयते श्रोते मिळाले. रोज दिवस कलला की दोघं यायची, शाळेच्या ओट्यावर बसायची आणि मी सुटायचो. रोह्यावरून चौलात कसं उतरायचं, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाताना भरदुपारी कशी सावली असते, पाटाचं पाणी कसं पायाखालून बोलत जातं. मग रेवदंड्याचा फिरंग्यांचा पडका कोट. त्याच्या तटाला एक भगदाड आहे, त्यातून लहानपणी मी जहाजं मोजायचो. खाडी तरीनं ओलांडली की मुरुड, आणि पुढं राजपुरीहून होडीत बसलं की जंजिरा. चारी बाजूंना खारं पाणी आणि किल्ल्याच्या पोटात गोड्या पाण्याचे तलाव. हे तिला पुन:पुन्हा ऐकायचं असे.

"इतक्या खाऱ्यात गोडं राहतंय कसं?" ती विचारायची, आणि उत्तर न ऐकताच त्या पाण्यात हरवून जायची.

दिघी, श्रीवर्धन, मी रोज एखादं गाव वाढवत गेलो. सांगता सांगता माळावरचा वारा मला खारट लागायचा. खरं सांगायचं तर त्या दोघांपेक्षा मीच जास्त त्या वाटेवर असायचो.

म्हसू मात्र कामाला आलेला असे. खिशातून वाळल्या लेंड्या काढून तो ओट्यावर एकीपुढं एक मांडायचा. मी नाव घेतलं की विचारायचा, "तितं पानी हाय? रान कसं हाय?" आणि मान हलवून आणखी दोन लेंड्या ठेवायचा. लेंड्यांवर भूगोल शिकवणारा मास्तर म्हणून मी मनातल्या मनात हसायचो. मला वाटे, एक लेंडी म्हणजे एक गाव. विचारलं कधी नाही. वाड्याचा मुक्काम कुठं पडायचा ते ठरवणारा म्हसूच, आणि त्याचा अंदाज आजवर चुकलेला नव्हता. त्याला मी काय विचारणार?

निघायचं म्हणून ठरवलेला शिमगा त्या साली आला नि गेला. "एवढं दीस वाडा सोडून जमायचं न्हाई," म्हसू म्हणाला, "पुढल्या साली बगू." पुढल्या सालीही तेच. मला वाटलं, कारणं सांगतोय, वाडा सोडायला भितोय. आणि आतून बरंही वाटलं, कारण ती जाऊन आली असती तर माझ्या संध्याकाळी संपल्या असत्या. ही कबुली द्यायला मला आज लाज वाटते.

तिसऱ्या साली माघात अंबाबाई ओट्याची पायरी चुकली. मी हात दिला. "उजेड कळतुया," ती शांतपणे म्हणाली, "मानूस न्हाई कळत."

मी म्हसूवर भडकलोच. "अहो, दोन आठवड्यांसाठी वाडा पोराकडं देता येत नाही? जोतिबा काय लहान आहे?"

म्हसूनं ओट्यावरच्या लेंड्या एकेक करून बोटानं मोजल्या. "दोन आठवड्यांत कसं हुईल, मास्तर? निस्त्या रेवदंड्याला बावीस मुक्काम. सगळं करून यायचं तर तीन म्हयनं."

"बावीस? चाळीस कोसांना?"

"दिसाला दोनच कोस हुत्यात की. चरत, पानी पीत."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "म्हसूबा, मेंढरं बरोबर नेणार आहात का?"

"न्हाई. आमी दोघं अन् तट्टू."

बोलता बोलता त्याच्याच ध्यानात आलं. बाजाराला तो सकाळी जाऊन संध्याकाळी परत येई, पण ते त्याच्या लेखी चालणं नव्हतंच. वाट म्हणजे मेंढरांची वाट. बापाबरोबर तीच चालला, पोरांबरोबर तीच. लेंड्यांच्या रांगेकडं बघत तो हळू आवाजात म्हणाला, "मेंढरांबिगर मानूस किती चालतंय, ते म्या कधी बगितलंच न्हाई."

"किती दीस लागत्यात मग?" अंबाबाईनं मला विचारलं.

"पाच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिला तट्टावर बसवून म्हसू निघाला होता.

सोळाव्या दिवशी दोघं परतल्याचं कळलं. शाळा लवकर सोडून मी माळावर गेलो. म्हसू तट्टाच्या पाठीला तेल चोळत होता. त्यानं वर बघितलं नाही. अंबाबाई पालाच्या तोंडाशी पाय पसरून बसली होती, आणि तिला सगळं सांगायचं होतं. चौलात सावली अंगावरनं सरकलेली कळली. कोटाच्या भगदाडात हात घातला तर वारा आतनं ओढत होता. लाट आली की पायाखालची वाळू पळते, हे मी सांगितलं नव्हतं, म्हणून तिनं मला दटावलं. जंजिऱ्यातलं पाणी ती ओंजळीनं प्याली होती.

"लई गोडं हाय," ती म्हणाली. "ह्ये सांगत व्हते, हितं निळं हाय, तितं काळं हाय. सांगता सांगता रडाय लागलं. म्या म्हनलं, ऱ्हाऊ द्या, मला आयकाय येतंय."

म्हसूचा तेलाचा हात तट्टाच्या पाठीवर थांबला. मी म्हणालो, "माझं चुकलं, अंबाबाई. मी विचारायला हवं होतं."

तिनं माझ्या आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"पाच दिसांवर व्हतं, मास्तर," ती म्हणाली. "मला दिसत व्हतं तवाबी पाचच दिसांवर व्हतं."