समोरच्या समुद्राचं तापमान

चार वर्षं मी जिंतूरच्या घरी, एरवी कापूस ठेवायच्या खोलीत बसून समुद्राचं तापमान बघत होते. समुद्र मात्र बघितला नव्हता. उपग्रहांकडून रोज येणाऱ्या नकाशांत पाणी कुठं नेहमीपेक्षा जास्त तापलंय, ते तपासून किनाऱ्यावरच्या कार्यालयाला कळवायचं, ही माझी नोकरी. शेजारणी आईला विचारायच्या, "पोरगी दिवसभर खोलीत काय करती?" आई म्हणायची, "समुद्राचा ताप बघती." मग पुढं कुणी विचारत नसे.

गेल्या मे महिन्यात कार्यालयानं सगळ्यांना बैठकीला बोलावलं. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "मी बी येतो. तू काय बघायलीस ते बघू तरी."

बैठकीच्या आदल्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर गेलो. आबांनी चपला हातात घेतल्या, धोतर वर खोचलं आणि पाण्यात जाऊन उभे राहिले.

"आज किती हाय?"

मी मोबाईलवर नकाशा उघडला. बाकी समुद्र लालभडक, आमच्यासमोरचा तुकडा करडा. "आज कळत नाही, आबा. ढग आलेत. ढगांतून उपग्रहाला पाणी दिसत नाही."

त्यांनी वर बघितलं, मग स्वतःच्या पायांकडं. "मी तर पाण्यातच उभा हाय की."

मी वाकून हात बुडवला. पाणी कोमट लागलं. कोमट हा काही आकडा नव्हे.

जवळ एक कोळीण जाळं साफ करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पाणी तापलंय यंदा. महिना झाला, बांगडा खोल गेलाय."

आबा तिच्याजवळ वाळूत बसले. ती मासळीचं सांगत होती, हे कापसाचं. अर्धा तास मला कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझा नकाशा पडद्यावर लागला: किनाऱ्यालगत उष्ण पट्टा, साधारण महिनाभर. कोळीणही तेच म्हणाली, हे मी सांगितलं. साहेबांनी सभ्यपणे ऐकून घेतलं. "नोंद आहे का तिची?"

"नाही."

"मग अहवालात नको."

परतीच्या एसटीत आबांनी विचारलं, "काय ठरलं?"

"पाणी तापलंय, असं ठरलं."

"ते कालच ठरलं व्हतं," म्हणत त्यांनी खिडकीला डोकं टेकलं. मला हसू आलं, थोडी लाजही वाटली.

घरी आल्यावर अहवालाच्या शेवटच्या पानावर मी एक ओळ घातलीच: स्थानिक मच्छीमारांचं निरीक्षणही असंच आहे. ती कुणी काढली नाही. तिथवर कुणी वाचलं नसावं.