चांगुणाबाईनं वाकवलेला रस्ता

मिरजगाव सोडून खर्ड्याच्या अंगाला निघालं, की रस्ता कसा नाकासमोर चालतो. दोन्ही बाजूंना ज्वारी, नाहीतर तूर, मधूनच कांद्याचा हिरवा पट्टा. मध्ये डोंगर नाही, ओढा नाही, आडवी येणारी विहीरही नाही. आणि मग एका ठिकाणी काही कारण नसताना हा शहाणा रस्ता एकदम डावीकडं वाकतो, एका थोराड लिंबाला वळसा घालतो आणि पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात सरळ चालू लागतो. वाकतो म्हणजे वाकत होता. आता नाही वाकत. तेच तर सांगायचंय.

या वळणाबद्दल लोकांनी काय काय उठवलं होतं! कुणी म्हणे लिंबाखाली देवीचं ठाणं आहे, तिनं साहेबाच्या स्वप्नात जाऊन त्याला तंबी दिली. कुणी म्हणे एका पाटलानं आपलं रान वाचवायला वजन खर्चलं. एका ट्रकवाल्यानं तर छातीठोक सांगितलं होतं, की आखणी करणारा माणूस पिऊन आला होता. वळणावर टोपली घेऊन बसलेली चांगुणाबाई हे सगळं ऐकून पदर तोंडाला लावायची. बोरांचं मापटं भरता भरता म्हणायची, "कशाची देवी आन कशाचा पाटील! हा रस्ता म्या वाकिवलाय." ऐकणारा हसायचा, तीही हसायची, तेवढ्यात गाडी सुटायची.

आणि बाई खोटं बोलत नव्हती बरं का.

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. रानात कुसळ उगवलं नव्हतं. विहिरींचे तळ दिसत होते आणि पोटात सरकारी सुकडी. लोकांच्या हाताला काम म्हणून हा रस्ता निघाला. चांगुणा तेव्हा जेमतेम विशीची, पदरात पाच महिन्यांचा बन्सी. तिचा नवरा रंगनाथ खाणीवर दगड काढायचा आणि ती बाकीच्या बायांबरोबर रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडायची. साऱ्या माळावर सावली म्हणाल तर एकट्या त्या लिंबाची. त्याच्या फांद्यांना बायांनी जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या, आणि एकेका झोळीत एकेक लेकरू.

आता खडी फोडायची का झोळी हलवायची? बायांनी त्याचीही तोड काढली होती. झोळीला लांब दोरी बांधायची आणि तिचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला. हात हातोडीवर, अंगठा दोरीवर. खडीही फुटते आणि लेकरूही झुलतं. एकच पंचाईत व्हायची. दोरी जमिनीला घासायची, धूळ उडायची आणि ती सगळी वाऱ्यानं झोळीत. बन्सी खोकून खोकून लालबुंद झाला, तेव्हा चांगुणानं इकडंतिकडं पाहिलं. जवळच एक लाकडी खुंटी रोवलेली. कुणाच्या कामाची ना धामाची. बाईनं ती उपटली, आपल्याला हवी तिथं हातोडीनंच ठोकली आणि दोरी तिच्यावरून घेतली. दोरी अधांतरी झाली, धूळ थांबली, पोरगं झोपलं.

"अगं बया, लई झाक!" म्हणत पलीकडच्या बाईनं पुढची खुंटी उपटली. तिच्या पलीकडचीनं त्याच्या पुढची. ऊन कललं तशी सावली सरकली, सावलीमागं बाया सरकल्या आणि बायांमागं खुंट्याही.

त्या खुंट्या म्हणजेच रस्ता आहे, हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आपण फोडतोय ती खडी कुठून कुठं जाणार हेही कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गड्यांनी खुंटीपासून खुंटीपर्यंत दोरी ताणली, तिच्यावरून चुन्याची फक्की टाकली आणि मोठे दगड बसवायला सुरुवात केली. रस्ता गेला की गोल लिंबाच्या भोवती!

मुकादम इब्राहिमभाई दोन दिवस मिरजगावला गेले होते. परत येऊन बघतात तर काय, डोक्याला हात. "या अल्ला! सरळ धरलेला रस्ता हुता, ह्याची कंबर कुनी मोडली?" चांगुणा अंगठ्याला दोरी तशीच ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "म्या मोडली, भाऊ. पोराच्या नाकात धूळ जात हुती." इब्राहिमभाईंना रागवावं का हसावं कळेना.

मग साहेबांची जीप आली. साहेब तापले. "सगळे दगड उचला. पुन्हा सरळ लाइन धरा." इब्राहिमभाई टोपी सारखी करत म्हणाले, "उचलतो, साहेब. पन सरळ केलं तं लिंब तोडावा लागंल. लिंब तोडला तं ही लेकरं कुठं टांगू, तेवढं सांगा." साहेब लिंबाखाली आले, एका झोळीत वाकून बघू लागले. नेमकी ती बन्सीची. आणि बन्सीनं साहेबांच्या बुटावर जी धार सोडली! माळावरच्या बायांचा जीव वर. साहेबांनी बुटाकडं पाहिलं, झोळीकडं पाहिलं आणि त्यांना हसूच फुटलं. "राहू द्या," म्हणाले, "एवढ्या वळणानं काही देश बुडत नाही."

असा तो रस्ता वाकला. रंगनाथनं ही गोष्ट जन्मभर पुरवली. पाहुणा आला की चहाच्या आधी हीच. "आमची बाई साधी समजू नका. सरकारचा रस्ता वाकिवलाय तिनं, मला वाकवायला तिला कितीसा येळ!" चांगुणा चुलीपुढून म्हणायची, "पुरं आता." पण मनातून सुखावायची.

मुरमाचा रस्ता होता तोवर त्यावर बैलगाड्याच. मग एक दिवस तांबडी यष्टी आली. सरळ रस्त्यावर ती भरधाव यायची, पण लिंबाजवळ आली की तिला हळू होणं भाग. चांगुणानं पहिल्यांदा ड्रायव्हरला नुसतं पाणी दिलं. पुढच्या खेपेला खिडकीतून एका बाईनं विचारलं, "टोपलीत काय गं?" टोपलीत रानातली बोरं होती. तिथून जो धंदा लागला, तो लागलाच. थंडीत बोरं नि हरभऱ्याचा सोलाणा, पावसाळ्याच्या शेवटाला सीताफळं, उन्हाळ्यात काकड्या. पुढं डांबर आलं. राज्यमार्ग झाला, तेव्हा कडेच्या दगडाचं डोकं हिरवं रंगवून गेले. उसाचे ट्रक आले, ट्रॅक्टर आले, कोयते घेऊन कारखान्याकडं निघालेल्या टोळ्या आल्या. सगळ्यांना लिंबाजवळ हळू व्हावंच लागायचं.

चांगुणाबाईला त्या हळू होण्याचंच वेड लागलं होतं म्हणा ना. गाडी हळू झाली की माणसाचं तोंड दिसतं. हळदीच्या अंगानं सासरी निघालेली पोर पुढल्या सालाला लेकरू घेऊन माहेरी जाताना दिसायची आणि खिडकीतून ओरडायची, "मावशे, मुलगी झाली!" तिचं नावगाव चांगुणाबाईला ठाऊक नसायचं, पण दिवसभर जीव हरखून जायचा. रंगनाथ गेला तेव्हाही दिवस घातले आणि ती पुन्हा वळणावर येऊन बसली. घरात बसून रडायचं, त्यापेक्षा इथं चार तोंडं तरी दिसतात, म्हणाली.

आणि मग ते वळणच काढायचं ठरलं.

बातमी आणली बन्सीनं. झोळीतला बन्सी आता पन्नाशी ओलांडलेला, कांद्याचा टेम्पो चालवणारा. "आये, रस्ता मोठा हुनार हाय. चार गाड्या एका वक्ताला जात्याल एवढा. वळन काढून सरळ करनारेत."

"का? वळनानं कुनाचं काय घोडं मारलं?"

"गाड्या पलटत्यात तिथं. आता पहिल्यावानी हळू कोन येतंय? सरळ हुतंय ते बरंच हाय."

चांगुणाबाईला ते पटत नव्हतं असं नाही. मागच्याच साली एक मोटरसायकल तिच्या डोळ्यांदेखत खड्ड्यात गेली होती आणि तिनंच पोराच्या डोक्याला पदर बांधला होता. पण पटलं म्हणून काय दुखायचं राहतं? "तुझ्या झोळीपायी वाकिवलेला रस्ता, आन तूच म्हन बरंच हाय," असं म्हणून ती दोन दिवस लेकाशी बोलली नाही.

मोजणीवाले आले. त्यांच्याबरोबर एक चुणचुणीत पोरगी होती, तिपायीवर यंत्र लावून डोळा बारीक करणारी. तिनं रानातून सरळ रेषेत खुंट्या रोवल्या, लोखंडी, वर तांबडी फीत बांधलेल्या. घरची माणसं चांगुणाबाईवर नजर ठेवून होती. "आये, त्या खुंट्यांना हात लावू नगं," बन्सीनं बजावलं. कसचं काय! झुंजूमुंजू होताच बाई गेली आणि दोन्ही हातांनी एक खुंटी उपटून लांब तुरीत रोवून आली.

पोरीनं सकाळी यंत्रातून बघितलं आणि खुंटी उचलून पुन्हा जागच्या जागी बसवली. चुटकीसरशी. रागावलीसुद्धा नाही. "आजी, खुंटी उपटून काही होत नाही हो. जागा वरून ठरलेली असते." तिनं आभाळाकडं बोट दाखवलं.

"वरनं? देवानं ठरिवली?"

"देवानं नाही, आजी. उपग्रहानं."

त्या दिवशी चांगुणाबाईला पहिल्यांदा वाटलं, आपण म्हातारं झालो. रंगनाथ असता तर म्हणाला असता, हिच्यानं आता खुंटीसुद्धा हलत न्हाई. आणि ते ऐकायला तो नाही, याचंच तिला रडू आलं.

पुढं झाडं तोडणारे आले. मिरजगावच्या बाजूनं रस्त्याकडेच्या चिंचा पडत आल्या, लिंब पडत आले, बायांनी वर्षानुवर्षं दोरा गुंडाळलेला वड पडला. करवतीचा आवाज रोज जवळ यायचा. चांगुणाबाई सकाळीच येऊन लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून बसायची. करणार काहीच नव्हती. शेवटपर्यंत जवळ असावं, एवढंच. दवाखान्यात रंगनाथच्या उशाशी अशीच बसली होती ती.

एका दुपारी करवतवाले तिथं आले. सावलीत बसले, भाकरी सोडली, तिच्याजवळच्या दोन काकड्या खाल्ल्या, तंबाखू मळली आणि हत्यारं उचलून पुढं निघाले.

"आरं, ह्यो ऱ्हायला की!" चांगुणाबाईच्या तोंडून निघून गेलं आणि तिनं स्वतःचीच जीभ चावली.

त्यातला म्हातारासा गडी मागं वळून म्हणाला, "ह्यो न्हाई तोडायचा, मावशी. नवा रस्ता जुन्या रेषेवरनं न्हाई, लांब तिकडच्या रानातनं सरळ चाल्लाय. वळन ऱ्हायलं असतं नि रुंद केलं असतं, तं पयला ह्योच गेला असता."

तिनं बुंध्यावरून हात फिरवला. एकदा तिनं खुंटी हलवली म्हणून लिंब वाचला होता. आता त्या पोरीची खुंटी हलली नाही म्हणून वाचला. आणि आपण ती उपटायला गेलो होतो! तिला हसू आलं, डोळेही भरले. संध्याकाळी तिनं मोजणीवाल्यांच्या तंबूवर काकड्यांची अख्खी टोपली धाडून दिली. कशाबद्दल, ते काही कळवलं नाही.

सरळ रस्ता सुरू झाला. गाड्या तिकडून सूं सूं करत जाऊ लागल्या. तोंडं दिसेनाशी झाली. भरून नेलेली टोपली चांगुणाबाई भरलेलीच परत आणू लागली आणि मग टोपली नेणंच तिनं सोडलं. जेवण कमी झालं. वळणाचं डांबर तडकलं, त्यावर कुणी कुणी तूर वाळत घालू लागलं. "आये, खा गं दोन घास," बन्सी म्हणायचा. ती म्हणायची, "भूक न्हाई, लेका. दिस संपत न्हाई."

उन्हाळ्यात बन्सीची लेक निकिता राहात्याहून बाळंतपणाला आली. मुलगी झाली. पत्र्याचं घर, वरून वैशाखाचं ऊन. लेकरू दुपारभर टाहो फोडायचं. निकिताच्या डोळ्याला डोळा नाही, पंख्याला वीज नाही. एका दुपारी ती रडवेली होऊन म्हणाली, "आजी, आता माझ्याच्यानं होत नाही गं."

चांगुणाबाई उठली. पेटीतून जुनं लुगडं काढलं, दोरी घेतली, पणतीला खांद्याशी धरलं आणि लिंबाकडं चालू लागली. खालच्या फांदीवर दोरांनी घासून पडलेली खाच अजून होती. वर साल भरून आली होती, पण हात फिरवला की लागायची. तिनं त्याच खाचेत झोळी बांधली, पोरीला आत ठेवलं, बुंध्याशी बसून दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळली. अंगठा काहीच विसरला नव्हता.

वारा सुटला. पानं हलली. लेकरू दोन हुंदके देऊन झोपी गेलं. तेव्हा कुठं चांगुणाबाईच्या ध्यानात आलं, की ज्या लेकरांच्या झोपेपायी हा रस्ता वाकला, त्यांच्यानंतर इथं एकही लेकरू झोपलं नव्हतं. पन्नास वर्षं हॉर्नच वाजत होते. दिवसभर माणसांची तोंडं बघण्याच्या नादात तिला ते कधी जाणवलंच नव्हतं. "बघताय का, अवो?" ती रंगनाथला म्हणाली. "रस्ता गेला सरळ, पन झोळी हाय तिथंच हाय."

तेवढ्यात नव्या रस्त्याच्या कडेला एक जीप थांबली. जुनं गिऱ्हाईक, दर उन्हाळ्याला काकड्या नेणारं. तो माणूस ढेकळं तुडवत तडकलेल्या वळणावर आला आणि लांबूनच मोठ्यानं ओरडला, "काय आजी! दुकान बंद केलं का काय?"

चांगुणाबाईनं अंगठा न थांबवता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती म्हणाली. "पोर निजलीय."