पाणी इला!

शेजारच्या बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. अजूनही कैरीच्या फोडींना मीठ लावलं की आधी बघायला लावतात, मगच खायला देतात. बशीत पाणी दिसलं की टाळ्या वाजवतात. आपण ‘पाणी सुटलं’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. ‘सुटूक नाय गो, मिठान ओढून घेतल्यान!’

यंदा मे महिन्यात खाडीचं पाणी शिरून आमची विहीर खारट झाली. दारातल्या अबोलीने मान टाकली, तशी मी तिला त्याच विहिरीचं आणखी पाणी घालू लागले. बाई दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यावरून ओरडल्या, ‘थांब! तू पाणी घालतंस नाय, काढतंस! भायर इतक्या मीठ, मगे मुळातला पाणी भायरच जातला!’ वाडीचा नळ तेव्हा आठवडाभर कोरडा होता. तरी त्यांनी स्वतःच्या पिण्याच्या पाण्यातल्या दोन कळश्या आणून, मीठ धुऊन जावं म्हणून आळ्यात ओतल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांच्या हाकेने अख्खी वाडी जागी झाली. ‘इला गो, इला! पाणी इला!’

बायका कळश्या घेऊन नळाकडे धावल्या. बाई मात्र अबोलीपाशी नाचत होत्या, ताठ झालेल्या एका पानाला बोट लावून. ‘मुळात इला! बघा, बघा!’

दोघीतिघी चिडल्या. पण मग रिकाम्या कळश्या काखेत घेऊन, नळावर लागते तशी आमची रांग त्या पानापाशी लागली.