तिसरी खुर्ची

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

वडील घाटात रेल्वेचे गँगमन, आई डोक्यावर मोळ्या घेऊन लोणावळ्याच्या बंगल्यांना सरपण पुरवायची. आमच्या भावकीतला पहिला बी.ए. मी. याचा मला गर्व होता — आजही आहे, खोटं कशाला बोलू?

हसन माझा शाळासोबती, मॅट्रिकवर थांबलेला. दुसऱ्या महायुद्धात फौजेचा कारकून म्हणून लेबनॉनला जाऊन आला. सेहेचाळीस सालची गोष्ट. आमच्या वाचनालयाला नवा चिटणीस निवडायचा होता, आणि त्याच सभेत हसन तिथलं प्रजासत्ताक कसं चालतं ते सांगणार होता.

“म्हंजी राजा न्हाईच?” गावातल्या म्हाताऱ्या धोंडूआबांनी विचारलं. “मग कारभार कोन बघतंय?”

“लोक सभासद निवडत्यात, आबा. सभासद अध्यक्ष निवडत्यात. अध्यक्ष ख्रिस्ती, मुख्य प्रधान सुन्नी, सभापती शिया. कागदावर न्हाई, तोंडी ठरलंय.”

“लय झ्याक! आमच्या भावकीत पाटीलकी लिवून देऊन बी ठरंना!”

सगळे हसले. पुढे सरकून बसले. मी हेच विषय पुस्तकांतून शिकलो होतो — मी बोलायला लागलो की हेच लोक जांभया द्यायचे. माझ्या शेजारचा पुटपुटला, “चिटणीस ह्यालाच करा.” चिटणीस आपणच होणार, असं मी धरून चाललो होतो.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो. त्याच सकाळी स्टेशनवरून येताना हसन मला म्हणाला होता, “बाबू, ती वाटणी मला पटली न्हाई. खुर्चीला धर्म चिकटला की निघत न्हाई.” हे फक्त मला माहीत होतं. आणि त्या वर्षीचं वर्तमानपत्र उघडलं की हिंदू-मुसलमानांच्या वाटणीशिवाय दुसरं असायचं काय?

मी उभा राहिलो. हसत विचारलं, “मग हसन, हितं तुमच्यासाठी कुठली खुर्ची राखून ठेवायची — ती तिसरी?”

तुमच्यासाठी. जन्मभर ‘तू’ म्हटलेल्याला.

पुढे सरकलेले लोक मागे झाले. आबा पायांकडे बघत बसले. हसननं माझ्याकडे पाहिलं — सकाळचं बोलणं मी सांगेन म्हणून वाट पाहिली असेल का? मी गप्प राहिलो. तोही स्वतःहून बोलला नाही.

मग चिटणिसाची निवड झाली. माझ्या नावाला हात वर झाले, त्यात हसनचाही होता.

मी सर्वानुमते चिटणीस झालो.