पायथ्यापासून वर

टेकडीवरच्या नऊ जागांची नावं नकाशात उलटी चढली ती भाच्यामुळे. तो भाचा म्हणजे हे लिहिणाराच, तेव्हा त्याची बाजू सावरून घेण्यात अर्थ नाही.

मामांनी त्या टेकडीवर एकतीस वर्षं पायी टपाल वाटलं. जुन्या जागांची नावं नोंदवणाऱ्या कचेरीत भाचा हंगामी कामाला लागला, तेव्हा मामांनी डोळे मिटून त्याला सगळी वाट सांगितली. दमाचा दगड, दोघी बहिणी, सगळ्यांचं पाणी, असं पायथ्यापासून वर, चालत गेल्यासारखं. भाच्याने त्याच क्रमाने तक्ता भरला. तक्त्यातले जागांचे आकडे मात्र माथ्यापासून खाली येत होते. शिकलेला माणूस, एवढं कशाला बघेल?

'सगळ्यांचं पाणी' हे झऱ्याचं नाव जाऊन बसलं बोडक्या माथ्याजवळ. खऱ्या झऱ्यापाशी छापून आला 'घसरणीचा चढ'. खाणवाल्याने तो कच्चा नकाशा नाचवत झऱ्याभोवती तार ठोकली. इथे पाणी सगळ्यांचं आहे असं लिहिलंय कुठे?

कच्च्या नकाशावर हरकत घ्यायची मुदत शेवटच्या दिवशी पाच वाजता संपत होती. त्या दिवशी साडेचारला मामा कचेरीत शिरले.

"साहेब, झरा काय जिना चढून वर गेला?"

नकाशासाहेबांनी चष्मा पुसला. "काका, सांगणाऱ्याची चूक असं लिहून द्या, आत्ता दुरुस्त करतो. नोंदणाऱ्याची म्हणालात तर चौकशी लागेल. तोवर नकाशा पक्का छापून येईल."

भाचा फायलींच्या कपाटाला चिकटून उभा होता. चौकशी म्हणजे त्याची नोकरी गेलीच.

"एकतीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही मी," मामा म्हणाले. "आणि आता लिहून देऊ, की मला वाट ठाऊक नाही?"

"एक सही तर आहे."

"एकच आहे ना? मग तुम्ही करा."

साहेब घड्याळाकडे बघू लागले. मामा भाच्याकडे वळले. "बोल की रे पोपटा. घरी तर तोंड बंद होत नाही तुझं."

भाच्याने स्वतःच्या बुटांची नाडी निरखली.

मामांनी पेन इतकं दाबून चालवलं की कागद दोन जागी फाटला. माझ्या सांगण्यात चूक झाली. खाली सही. पाचच्या आत झरा जागेवर आला, आणि तार काढायची नोटीसही निघाली.

पायऱ्यांवर मामांनी भाच्याचा हात झटकला. "सही पाण्यासाठी केली, तुझ्यासाठी नाही. चूक तुझी होती असं लिहून त्या साहेबाकडे दे. पोच मला आणून दाखव. तोवर माझ्या दारात यायचं नाही."

दीड वर्ष झालं. भाचा आता कचेरीत कायम आहे. इथे त्याने एवढं सगळं लिहिलं खरं, पण साहेबाकडे द्यायचा कागद अजून कोराच आहे.