भागीरथीकाकींचं खळं

नेरूळला राहायला आलो तो आमचा पहिला उन्हाळा. गिरगावातल्या दोन खोल्या सोडून आम्ही नव्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर आलो होतो. घर स्वतःचं, भिंती कोऱ्या, पण खाली औषधालासुद्धा झाड नाही. दिवसभर गच्ची तापायची आणि संध्याकाळी ती सगळी धग खोल्यांत उतरायची. क्षिप्रा तेव्हा नुकती चालायला लागली होती, अंगभर घामोळं. माझे यजमान नंदकिशोर बेलापूरच्या ऑफिसातून आले की आम्ही तिला कडेवर घेऊन बाहेर पडायचो आणि वारा जिकडून येईल तिकडे चालत सुटायचो.

असेच एकदा शिरवणे गावाच्या कडेला पोचलो. एक मोकळी सपाट जागा, बाजूला जुनी चिंच, पलीकडे बांध आणि त्यावरून येणारा खाडीचा वारा. चिंचेखाली चूल मांडून एक बाई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. घरात उकडतं म्हणून उन्हाळ्यापुरती तिनं चूल बाहेर आणली होती. आम्ही लांबच उभे राहिलो, तशी तिनं हाक मारली.

"उबी काला ऱ्हातेस गो वयनी? बस. पोरीला वारा लागू दे."

त्या भागीरथीकाकी. क्षिप्रा त्यांच्या चुलीशेजारच्या गोणपाटावर झोपली आणि आम्ही नको नको म्हणत असताना त्यांनी आमच्यापुढे ताटल्या ठेवल्या. गरम भाकरी, वालाचं बिरडं आणि कैरीची फोड. कोण कुठले आम्ही, पण "जेवला का?" याच्यापलीकडे त्यांनी काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही शेजारच्या वैजयंतीला आणि तिच्या घरच्यांना घेऊन गेलो. त्यांनी आणखी कुणाला आणलं. फुकटचं किती दिवस जेवणार, म्हणून लोक आधी सांगून, पैसे देऊन जेवायला लागले. काकींचा मुलगा हितेश पावणे गावातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचा. त्याला यात धंदा दिसला. त्यानं प्लास्टिकच्या खुर्च्या-टेबलं आणली, चिंचेला रंगीत बल्बच्या माळा सोडल्या, स्वतःच्या हातानं लोखंडी झोपाळे केले आणि आपल्या तान्ह्या मुलीच्या नावानं पाटी लावली, 'उन्नती फॅमिली गार्डन'. पण ते नाव पाटीवरच राहिलं. आमच्या सोसायटीत सगळे म्हणायचे, "चला, आज खळ्यावर जाऊ."

कारण ते खरंच खळं होतं. काकींच्या घरची, म्हात्र्यांची भातशेती शहर वसवायला गेली, उरला हा गावालगतचा तुकडा. मधोमध मळणीचा खांब अजून उभा होता. बैल बांधून फिरवायला आता ना बैल होते ना भात, म्हणून पोरं त्याच्याभोवती पकडापकडी खेळायची.

रविवारी जागा मिळायची नाही. बायका मॅक्सीवर ओढणी टाकून यायच्या, आज्या स्वेटर विणत बसायच्या, ऑफिसातले साहेब बनियनवर शर्ट उघडा टाकून वाऱ्याला बसायचे. ज्यांना मासे हवेत त्यांना जिताड्याचं कालवण, आमच्यासारख्यांना बिरडं. मुलांना बर्फ घातलेलं पन्हं. एकदा कुणीतरी पनीर मागितलं, तेव्हा काकी म्हणाल्या, "ते मना येत नाय. जां येतं तां चांगला करते."

एवढं सगळं चालू असताना काकींचे मालक, कमळाकरकाका, मात्र कधी तिथे दिसायचे नाहीत. ते लांब बांधावर पाठमोरे बसलेले असायचे. खळ्यावरून घरी जायची जवळची वाट सोडून तळ्याकडून वळसा घालून जायचे. तिथलं रांधलेलं खायचेही नाहीत. गिऱ्हाइकांची गर्दी ऐन भरात असताना काकी पदर खोचून घरी जायच्या, नवऱ्यासाठी वेगळी भाकरी टाकायच्या, त्यांना वाढायच्या आणि धापा टाकत परत यायच्या.

मी एकदा न राहवून विचारलं, "काका इथे का येत नाहीत?"

काकींनी उलथनं खाली ठेवलं. "खल्यावं कोन चपला घालून येत नसं, वयनी. दर वर्साला शेनानं सारवून पूजा करायचो. आता लोक बूट घालून फिरतान, सॉस सांडतान. त्याला तां बघवत नाय." मग पुन्हा उलथनं उचलत, जरा चिडूनच, "जमीन गेली तवापासून त्यो बसून हाय. मी पन बसून ऱ्हायले तं चूल कोन पेटवल? मना रांधता येतं, मी रांधते."

दोघांचं भांडण असं नव्हतं. पण त्या एका गोष्टीवर ती दोघं घरात बोलतही नव्हती, वर्षानुवर्षं.

शहाण्णवचा मे असावा. वैजयंतीच्या मोठ्या मुलाचा, अभिरामचा वाढदिवस होता. फुगे बांधले होते, अर्धी सोसायटी जमली होती. तिन्हीसांजेला अचानक दिवे गेले. आधी मुलांनी आरडाओरडा करून घेतला, मग हितेशनं पेट्रोमॅक्स पेटवली, आणि त्या उजेडात वैजयंतीच्या लक्षात आलं की धाकटा पार्थ दिसत नाही.

"पार्थ! पार्थ!"

टेबलांखाली पाहिलं, झोपाळ्यांमागे पाहिलं. चार वर्षांचा मुलगा. पुरुष रस्त्याकडे धावले. भागीरथीकाकी मात्र हातातलं पीठ तसंच घेऊन तळ्याच्या वाटेला लागल्या, आणि अर्ध्यातच थबकल्या. समोरून कमळाकरकाका येत होते. खांद्यावर पार्थ, दोन्ही हातांनी त्यांचे केस घट्ट धरलेला.

"तल्याकडं चालला व्हता," काका म्हणाले. "मासं बघाचं म्हनतो. मी बांधावं व्हतो म्हनून दिसला."

वैजयंती खळ्याच्या पलीकडच्या टोकाला होती. अभिरामला कवटाळून उभी होती. काका कडेला येऊन थांबले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी एका पायानं दुसऱ्या पायातली चप्पल काढली, मग दुसरी काढली, आणि अनवाणी चालत, सांडलेली भेळ आणि फुटके फुगे ओलांडत, पोर आईच्या हातात नेऊन दिलं. वैजयंती रडत त्यांच्या पाया पडायला वाकली. तिला मागे सारून ते म्हणाले, "पोराला जेव घाल आदी. भूक लागली त्याला."

हितेशनं पटकन खुर्ची पुढे केली. काका खुर्चीवर बसले नाहीत. मधल्या खांबाला टेकून जमिनीवर बसले आणि तळव्यानं शेजारची माती चाचपत राहिले.

"पानी दे," ते म्हणाले.

काकींनी तांब्या आणून दिला आणि त्यांच्याशेजारी, तशाच पिठाच्या हातांनी, खाली बसल्या. गिऱ्हाइकं, चूल, सगळं तसंच टाकून. त्यांना चुलीपासून लांब बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काय बोलल्या ते मला नंतर त्यांनीच सांगितलं.

"मी त्याला इचारला, तुला खला कसा हवा? इतकी वर्सं मी त्याला हट्टी म्हनली, पन ह्या कदी इचारलाच नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी हितेश कामावर निघाला तर खळ्यावरून धप धप आवाज. काका चोपणीनं माती बडवून सपाट करत होते आणि काकी खांबाभोवतालची टेबलं एकटीनं ओढून कडेला लावत होत्या.

"आये, कोन बसल खाली?" हितेश वैतागला. "लोक हॉटेलात टेबलावर बसायला येतात."

"त्यांना तुजी टेबलं हायती ना? मदला खला माजा आनि तुज्या बापाचा. तिथं चपला नाय."

मधला गोल शेणानं सारवला गेला, वर चटया आल्या. संध्याकाळी हितेश तोंड पाडून उभा होता. सगळ्यात आधी वैजयंतीची सासू चपला कडेला काढून आत गेली आणि गुडघेदुखी विसरून मांडी घालून बसली. मग तान्ह्या मुलांच्या आया गेल्या, कारण पोरांना रांगायला सोडता येत होतं. आठवडा संपायच्या आत टेबलं रिकामी राहायला लागली आणि चटयांसाठी लोक ताटकळायला लागले. कडेला चपलांचा ढीग पडायचा आणि घरी जाताना हमखास कुणाची तरी अदलाबदल व्हायची.

कमळाकरकाका रोज दुपारी सारवणाचं बघायचे आणि संध्याकाळी खांबाशी बसून आमच्या मुलांना भरती-ओहोटीच्या गोष्टी सांगायचे. क्षिप्रा बरीच वर्षं असं समजत होती की समुद्र त्यांना विचारून आत-बाहेर करतो. जेवायचे ते आता तिथेच, चटईवर, सगळ्यांच्या रांगेत.

चार उन्हाळे असे गेले. माझ्या मुलीचं लहानपण म्हटलं की मला शाळा आठवत नाही, तो सारवणाचा वास आठवतो आणि पन्ह्याचे ओघळ आलेली तिची हनुवटी. मग आजूबाजूला एसीची हॉटेलं झाली, खाडीचा वारा नव्या इमारतींनी अडवला, आणि हितेशनं तिथे बिल्डिंग बांधायचं ठरवलं. काकी अडून बसतील असं आम्हांला वाटलं होतं. त्यांनी कमळाकरकाकांना विचारलं. काका म्हणाले, "आपली वेल झाली, आता पोराची." बस्स.

त्यानंतर काकी मला भेटल्या त्या नेरूळच्या मार्केटमध्ये. हातावर नवीन स्वेटर टाकलेला, तोही भर एप्रिलात. गावातल्या लोकांबरोबर दोघं नवरा-बायको बसनं हरिद्वारला जाऊन आली होती.

"तिकडं थंडी व्हती गो. म्हाताऱ्यानं घेऊन दिला."

"आणि जेवणाचं काय केलंत?" मी विचारलं.

"रोज आयता!" काकी डोळे विस्फारून म्हणाल्या. "कोनतरी रांधतो आनि आपन नुसतं बसाचं. पयल्या दिवशी मना काय करावा तांच समजना. मंग बसले." आणि भर बाजारात, लोक वळून बघतील इतक्या मोठ्यानं हसल्या. "डालीला चव नव्हती हां पन."